बंदिवासांतील कला आणि कलोपचारकाची पात्रता

अहमदनगरचा किल्ला म्हटला कीं मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढें प्रथम उभी राहते ती चांदबिबी. मोंगलांच्या वेढ्याशीं तिनें १५९५-९६ सालीं दिलेली झुंज आणि पुढें १८०३ सालीं जनरल वेलस्लीनें थोड्याच दिवसांत घेतलेला तोच किल्ला, हा इतिहास शाळेच्या पुस्तकांतून सर्वांच्या परिचयाचा झालेला आहे. परंतु खंदकानें वेढलेल्या या वाटोळ्या किल्ल्याला आणि त्याच्या शेजारच्या लष्करी छावणीला दुसराही एक इतिहास आहे आणि त्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत इंग्रज सरकारला ज्यांना जगापासून दूर ठेवावयाचें होतें, त्यांना ठेवण्यासाठीं या जागेचा पुन्हा पुन्हा उपयोग झाला. हा इतिहास बंदिवासाचा आहे. तसाच तो बंदिवासांत मनुष्य आपलें मन कशाच्या आधारानें सांभाळतो याचाही आहे.

या दुसऱ्या इतिहासांतून एक प्रश्न निघतो आणि तो आज महाराष्ट्रांतील कित्येक सुशिक्षित तरुण-तरुणींपुढें उभा आहे. चित्र काढल्यानें, गाण्यानें, लिहिण्यानें दुःखी मनाला उतार पडतो, हें कोणाला सांगावें लागत नाहीं. असें असतांना कलेच्या द्वारें दुसऱ्याच्या मनावर उपचार करूं इच्छिणाऱ्यास निराळी विद्या, निराळी उमेदवारी आणि सरकारदरबारीं नोंदणी कशासाठीं हवी? ज्याला इंग्रजींत आर्ट थेरपी म्हणतात आणि मराठींत कलोपचार म्हणतां येईल, त्या विद्येचा जन्म आणि वाढ पाहिली म्हणजे या प्रश्नाचें उत्तर बरेंचसें सांपडतें.

नगरला प्रथम आले ते बोअर कैदी. दक्षिण आफ्रिकेंतील युद्धांत पकडलेले हे शेतकरी-शिपाई इंग्रजांनीं सेंट हेलेना, बर्म्यूडा, सिलोन आणि भारत येथें नेऊन ठेवले. भारतांतील त्यांच्या छावण्यांपैकीं एक नगरला होती. या निरनिराळ्या ठिकाणच्या बोअर कैद्यांनीं लांकूड, हाड आणि शिंग कोरून केलेल्या पेट्या, काठ्या आणि चिलमी आजही पदार्थसंग्रहालयांतून पाहावयास मिळतात. हातीं नांगर आणि बंदूक धरणाऱ्या माणसांनीं कोरीव काम कां करावें? रिकामा हात आणि अनिश्चित उद्यां यांचें ओझें त्यांना असह्य होत होतें, हें त्याचें साधें कारण.

पहिल्या महायुद्धांत नगरच्या छावणींत जर्मन नागरिक आले. त्याच युद्धांत युरोपांतील अनेक छावण्या पाहिलेल्या फिशर नांवाच्या एका स्विस डॉक्टरनें १९१८ सालीं एक पुस्तक लिहून, दीर्घकाळ कोंडलेल्या माणसांस जडणाऱ्या मानसिक विकाराला 'कांटेरी तारेचा रोग' असें नांव दिलें. चिडखोरपणा, लक्ष न लागणें, स्मरण मंद होणें आणि सर्वांत वाईट म्हणजे सुटका केव्हां होणार हें ठाऊक नसल्यामुळें येणारी उदासी, हीं त्याचीं लक्षणें. एकांत मिळत नाहीं आणि संगतीचाही वीट येतो, अशी ती विचित्र अवस्था. शरीरावर जखम नसतांनाही कोंडलेला मनुष्य आजारी असूं शकतो, ही गोष्ट त्यानें वैद्यकाच्या भाषेंत मांडली, हें त्याचें महत्त्व.

तिसरी लाट १९४२ सालीं आली. ९ ऑगस्ट रोजीं मुंबईंत पकडलेले काँग्रेस कार्यकारिणीचे सभासद नगरच्या किल्ल्यांत आणण्यांत आले. जवाहरलाल नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, गोविंद वल्लभ पंत, आचार्य कृपलानी, पट्टाभि सीतारामय्या, आसफ अली, डॉ. सय्यद महमूद, हरेकृष्ण महताब, प्रफुल्लचंद्र घोष आणि आपले शंकरराव देव ही मंडळी एका आवारांत राहूं लागली. आरंभीं वर्तमानपत्र नाहीं, पत्रव्यवहार नाहीं, अशी स्थिति होती. या मंडळींनीं काय केलें तें पाहण्यासारखें आहे. नेहरूंनीं दगडगोट्यांनीं भरलेली जमीन खणून बाग केली. खणतांना जुन्या बांधकामाचे अवशेष लागले, आणि त्यांच्या मनानें बहुधा तेथूनच मागें जाण्याची वाट धरली. 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ त्यांनीं १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पांच महिन्यांत याच किल्ल्यांत लिहिला. आचार्य नरेंद्र देवांनीं अभिधर्मकोशाच्या अनुवादाचें काम चालविलें, पट्टाभींनीं रोजनिशी ठेविली.

परंतु कलेचें आणि मनाचें नातें जेथें सर्वांत स्पष्ट दिसतें, तें मौलाना आझादांच्या पत्रांत. हबीबुर्रहमान खां शेरवानी या आपल्या स्नेह्यास उद्देशून त्यांनीं किल्ल्यांत उर्दूंत पत्रांमागून पत्रें लिहिलीं. तीं टपालांत पडणार नाहींत हें लिहितांना त्यांना पक्कें ठाऊक होतें. पहांटेच्या चहावर, खोलींत घरटें करणाऱ्या चिमण्यांवर, फुलांच्या ताटव्यांवर आणि शेवटीं संगीतावर तीं पत्रें आहेत. तरुणपणीं चोरून सतार शिकलों आणि ताजमहालाच्या आवारांत चांदण्या रात्रीं ती वाजवीत बसलों, ही हकीगत त्यांनीं याच किल्ल्यांत बसून लिहिली. हीं पत्रें १९४६ सालीं 'गुबार-ए-खातिर' या नांवानें प्रसिद्ध झालीं.

१९४३ च्या एप्रिलांत त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यास वारल्या. आजाराच्या बातम्या किल्ल्यांत येत होत्या. सरकारकडे कांहीं मागणें असेल तर कळवितों, असें तुरुंगाधिकाऱ्यानें सुचविलें असतां आझादांनीं नकार दिला. बाहेरून त्यांनीं नित्यक्रमांत अंतर पडूं दिलें नाहीं. जें दुःख कोणापुढें उघडें करावयाचें नव्हतें, तें त्यांनीं दोन दिवसांनीं न पाठवावयाच्या पत्रांत उतरविलें. कलेनें येथें औषधाचें काम केलें यांत शंका नाहीं. मात्र एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. एवढ्या मोठ्या साहित्यिकालाही एकट्यानें नुसतें लिहवेना. ऐकणारा कोणी तरी कल्पावा लागला. प्रत्येक पत्राच्या आरंभीं त्या मित्राला हांक आहे. दुःखाला शब्द, रंग किंवा स्वर मिळणें ही अर्धी गोष्ट झाली. तो घेणारा कोणी असणें ही उरलेली अर्धी. आणि उपचारकाची सारी विद्या या दुसऱ्या अर्ध्या भागांत आहे.

आपल्या पूर्वजांना हें अगदींच अपरिचित होतें असें नाहीं. दुःखानें, श्रमानें आणि शोकानें पीडलेल्यांना नाट्य विश्रांति देतें, असें भरतमुनींनीं नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायांत म्हटलें आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत, पंधराव्या अध्यायांत, रुग्णालय कसें सज्ज करावें तें सांगितलें आहे. तेथें औषधें आणि उपकरणें यांच्याबरोबर गाणारे, वाजविणारे, कथा-आख्यायिका सांगणारे परिचारकही ठेवावे असें आहे. विशेष हें कीं, त्यांच्या अंगीं केवळ कलेचें कौशल्य पुरेसें मानलेलें नाहीं. ते अभिप्रायज्ञ हवे, म्हणजे रुग्णाच्या मनांत काय आहे तें ओळखणारे हवे. आणि देशकाल जाणणारे हवे. गवई आणि रुग्णाशेजारीं बसविण्यास योग्य असा गवई यांत भेद आहे, हें त्या ग्रंथकारास दिसलें होतें. त्या भेदाची पुढें व्यवस्थित विद्या मात्र आपल्याकडे झाली नाहीं. ती झाली युरोप-अमेरिकेंत, आणि तीही बहुतांशीं दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत.

त्या कथेचा एक धागा नगरवरूनच जातो. १९३९ सालीं युद्ध पेटतांच भारतांतील जर्मन आणि ऑस्ट्रियन नागरिकांना पकडून नगरच्या छावणींत ठेवण्यांत आलें. नंगापर्वताच्या मोहिमेवर आलेला गिर्यारोहक हाइनरिख हारर त्यांत होता, आणि व्हिएन्नाहून मुंबईस आश्रयाला आलेला चित्रकार वॉल्टर लांगहॅमर हाही होता. लांगहॅमरची लवकरच सुटका झाली. मुंबईस परतून त्यानें आरा, रझा इत्यादि तरुण चित्रकारांना जो आधार दिला तो कलेच्या इतिहासांत नमूद आहे. ज्या वादळानें त्याला व्हिएन्नांतून उखडलें, त्याच वादळानें त्याच शहरांतील दोन स्त्रियांनाही दूर फेंकलें, आणि त्यांपैकीं एकीच्या हातून कलोपचाराची एक मोठी परंपरा उभी राहिली.

फ्रीडल डिकर ही त्यांतील वडील. बाउहाउस या नामांकित कलाशाळेंत शिकलेली ही ज्यू चित्रकर्त्री प्राग येथें निर्वासित मुलांना चित्रकला शिकवीत असे. १९४२ च्या डिसेंबरांत, म्हणजे नगरच्या किल्ल्यांत आपले नेते बंदींत असतांनाच, तिला तेरेझीनच्या छावणींत धाडण्यांत आलें. तेथें तिनें शेंकडों मुलांना चित्रें काढावयास लावलीं. मुलांनीं आपापल्या चित्रावर स्वतःचें नांव घालावें असा तिचा आग्रह असे, कारण छावणीनें त्यांना नुसतें क्रमांक करून टाकलें होतें. १९४४ च्या ऑक्टोबरांत आउश्विट्झ येथें तिचा वध झाला. बहुतेक मुलेंही वांचलीं नाहींत. दोन पेट्यांत भरून ठेवलेलीं सुमारें साडेचार हजार चित्रें मात्र वांचलीं. तीं प्रागच्या ज्यू संग्रहालयांत आहेत.

प्रागमधील तिची शिष्या आणि मदतनीस ईडिथ क्रेमर १९३८ सालींच न्यूयॉर्कला पोंचली होती. तिनें १९५० पासून विल्टविक येथील मुलग्यांच्या शाळेंत काम केलें. घरें मोडलेलीं, रागानें पेटलेलीं अशीं तीं मुलें होतीं. गुरूनें छावणींत जें केलें त्याला तिनें शास्त्राची बैठक दिली आणि १९५८ सालीं तें ग्रंथरूपानें मांडलें. पुढें न्यूयॉर्क विद्यापीठांत या विषयाचा शिक्षणक्रम उभारण्यांत तिचा मोठा वाटा होता. त्याच शहरांत मार्गारेट नॉम्बर्ग हिनें १९४१ पासून मनोरुग्णालयांतील मुलांवर चित्रांच्या साहाय्यानें काम चालविलें होतें. नॉम्बर्गच्या मतें चित्र म्हणजे नेणिवेची भाषा, आणि ती उपचारकाशीं होणाऱ्या संवादांत उलगडावयाची. क्रेमरच्या मतें चित्र घडविण्याची क्रियाच मुख्य औषध. हा वाद अजून मिटलेला नाहीं आणि त्यामुळें विद्येचें नुकसानही झालेलें नाहीं.

इंग्लंडमध्यें ही विद्या रुग्णशय्येवर जन्मली. पहिल्या महायुद्धांत सरकारी युद्धचित्रकार म्हणून गाजलेला एड्रियन हिल १९३८ सालीं क्षयरोगानें मिडहर्स्टच्या आरोग्यधामांत पडून होता. त्या काळीं क्षयावर हमखास असें औषध नव्हतें. महिनोन्महिने स्वस्थ पडून राहणें हाच उपचार. हिलनें पडल्या पडल्या समोर दिसेल त्या वस्तूचें चित्र काढावयास आरंभ केला आणि आपलें मन सांवरत असल्याचें त्याच्या ध्यानांत आलें. दुसऱ्याच वर्षीं आरोग्यधामांत रुग्णांना हस्तव्यवसाय शिकविण्याची सोय झाली आणि हिलला चित्रकलेसाठीं बोलावणें आलें. युद्धांतून आलेले सैनिक त्याच्या हाताखालीं चित्रें काढूं लागले. त्यांतील कांहींनीं आपण पाहिलेल्या भयंकर गोष्टी प्रथमच कागदावर उतरविल्या. १९४२ सालीं हिलनें या प्रकाराला 'आर्ट थेरपी' हें नांव दिलें, आणि १९४५ सालीं त्यावर पुस्तक लिहिलें.

हिलनें नांव दिलें, तरी त्याला शास्त्र ठाऊक नव्हतें. एखाद्या सैनिकाच्या चित्रांतून मढीं आणि ज्वाळा बाहेर पडल्या तर पुढें काय करावयाचें, हें चांगल्या चित्रकारालाही ठाऊक असेलच असें नाहीं. पात्रतेचा प्रश्न येथेंच उभा राहिला. एडवर्ड ॲडम्सन या चित्रकारानें १९४६ पासून नेदर्न येथील मनोरुग्णालयांत काम केलें, तेव्हां तेथील डॉक्टरांनीं त्याला असा दंडक घालून दिला होता कीं रुग्णांना साहित्य द्यावें, परंतु शिकवूं नये आणि अर्थही लावूं नये. हा दंडक प्रथमदर्शनीं विचित्र वाटतो. परंतु 'हें झाड काळें कां? तुमच्या मनांत मृत्यूचा विचार आहे काय?' असें अर्धवट ज्ञानानें विचारणारा मनुष्य रुग्णाचें किती अहित करील, याचा विचार केला म्हणजे त्यांतील शहाणपण पटतें. गप्प बसून सोबत करणें ही या विद्येची पहिली पायरी ठरली.

संगीताचा अनुभवही असाच. महायुद्धाच्या काळांत अमेरिकेंतील सैनिकी रुग्णालयांतून हजारों जखमी शिपाई पडले होते. गवई आणि वादक मोठ्या हौसेनें तेथें येऊन गात-वाजवीत. कोणाला त्यानें बरें वाटे, कोणाला तेच सूर ऐकून रणभूमि आठवे. कोणत्या रुग्णापुढें काय, किती आणि केव्हां वाजवावें, हें शिकलेलीं माणसें हवीं, अशी गरज दिसूं लागली. मिशिगन येथें १९४४ सालीं आणि कॅन्सास विद्यापीठांत १९४६ सालीं संगीतोपचाराचे शिक्षणक्रम सुरू झाले. १९५० सालीं या उपचारकांची राष्ट्रीय संस्था निघाली. नृत्याचें तसेंच. मॅरियन चेस या नर्तकीनें १९४२ सालीं वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स रुग्णालयांत, बोलणें सोडून दिलेल्या रुग्णांबरोबर नृत्य चालू केलें. रुग्ण जशी हालचाल करील तशीच आपण करून तिनें त्याच्याशीं शब्दांवांचून संवाद साधला. त्या पद्धतींतून १९६६ सालीं नृत्योपचारकांची संस्था उभी राहिली.

कलोपचारकांच्या संस्था इंग्लंडमध्यें १९६४ सालीं आणि अमेरिकेंत १९६९ सालीं स्थापन झाल्या. कायद्याची मान्यता मिळावयास आणखी काळ लागला. इंग्लंडमध्यें कलोपचारकांची सरकारी नोंदणी १९९७ सालीं सुरू झाली, म्हणजे हिलनें नांव दिल्यानंतर पंचावन्न वर्षांनीं. चित्र, संगीत आणि नाट्य या तीन शाखांच्या उपचारकांस तेथें नोंदणी सक्तीची आहे. ज्याची नोंद नाहीं त्यानें ती पदवी आपल्या नांवापुढें लावणें हा गुन्हा ठरतो. नृत्योपचार मात्र त्या नोंदणीच्या बाहेर आहे.

पात्र होण्यासाठीं शिकावें लागतें तरी काय? प्रथम स्वतःची कला पक्की हवी, कारण रंग किंवा सूर यांच्याशीं झगडणाऱ्याला त्या झगड्यांत नेमकी कोठें मदत हवी, हें कलावंतालाच कळतें. दुसरें, मनाचें शास्त्र: बालकाच्या मनाची वाढ, विकारांची ओळख, औषधांचे परिणाम, आणि आपल्या आवांक्याबाहेरचा रुग्ण डॉक्टरकडे केव्हां धाडावा याचें ज्ञान. तिसरें, अनुभवी उपचारकाच्या देखरेखीखालीं प्रत्यक्ष काम आणि प्रत्येक बैठकीचा त्याच्यापुढें हिशेब. चौथी अट सर्वांत कठीण असून बाहेरच्यांस ती अनपेक्षित वाटते. इंग्लंडमधील शिक्षणक्रमांत शिकाऊ उपचारकास स्वतःही रुग्णाच्या जागीं बसून उपचार घ्यावा लागतो. आपल्या मनांतील न भरलेली जखम ज्यानें पाहिलेली नाहीं, तो ती दुसऱ्याच्या चित्रांत पाहूं लागेल, ही त्यामागची भीति आहे.

याखेरीज नीतीचे नियम आहेत. रुग्णाचें चित्र त्याचें आहे. त्याच्या अनुमतीवांचून तें भिंतीवर टांगूं नये, छापूं नये, कोणास दाखवूं नये. बैठकींत ऐकलेलें बाहेर बोलूं नये. चित्राच्या चांगलेवाईटपणावर गुण देऊं नयेत. हे नियम ऐकावयास सोपे वाटतात. परंतु सुंदर चित्र दिसतांच तें प्रदर्शनांत मांडण्याचा मोह कलावंताला जितका होतो तितका डॉक्टरला होत नाहीं.

महाराष्ट्राला अशा प्रकारच्या पात्रतेचा धडा प्रथम मिळाला तो कमलाबाई निंबकर यांच्या हातून, आणि तो शेजारच्या विद्येंत, व्यवसायोपचारांत. जन्मानें अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लंडी, या बाईंनीं विष्णु निंबकर यांच्याशीं विवाह करून मुंबईस संसार थाटला. रुग्णाच्या हाताला विणकाम, सुतारकाम इत्यादि काम देऊन त्याची शक्ति परत आणण्याची ही विद्या भारतांत आणावी असें त्यांच्या मनानें घेतलें, तेव्हां त्या प्रौढ गृहिणी होत्या. सेवाभाव होता, हौस होती. तेवढ्यावर त्यांनीं काम सुरू केलें असतें तर कोणी दोष दिला नसता. तसें न करतां त्या आधीं अमेरिकेस जाऊन फिलाडेल्फियाच्या शाळेंत विद्यार्थिनी झाल्या, परीक्षा दिली आणि मग १९५० सालीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत त्यांनीं व्यवसायोपचाराची शाळा काढली. आशियांतील तशी ती पहिली. १९५२ सालीं त्यांच्याच पुढाकारानें अखिल भारतीय संस्था उभी राहिली. एड्रियन हिलच्या कलोपचाराला मिडहर्स्टमध्यें याच व्यवसायोपचारानें दार उघडून दिलें होतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे दोन्ही विद्यांचें सख्खेपण दिसतें.

तरीही आपल्याकडे कलोपचाराला स्वतःचें नांव मिळावयास एकविसावें शतक उजाडावें लागलें. पुण्यांतील वर्ल्ड सेंटर फॉर क्रिएटिव्ह लर्निंग या संस्थेनें चित्र, संगीत, नाट्य आणि कथा यांचा एकत्र उपयोग शिकविणारा शिक्षणक्रम चालविला. मुंबईंत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनें कोलकाता संवेद या संस्थेच्या सहकार्यानें नृत्योपचाराचा पदविका-क्रम काढला. २०२१ सालीं संसदेनें सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसायांसंबंधीं राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या अनुसूचींत हालचालीच्या उपचारकांचा उल्लेख असून त्यांतच कला आणि नृत्य यांच्या उपचारकांचा समावेश केलेला आहे. ज्या व्यवसायाला भारताच्या कायद्यांत तोंवर नांव नव्हतें, त्याला तें मिळालें. सहयोगी आरोग्य व्यावसायिकासाठीं किमान २००० तासांचें आणि आरोग्यसेवा व्यावसायिकासाठीं किमान ३६०० तासांचें शिक्षण हवें, असेंही त्या कायद्यानें ठरविलें. आठ दिवसांच्या शिबिरांत मिळालेलें प्रमाणपत्र भिंतीवर लावून उपचारक होणें आणि ही मोजदाद यांतील अंतर सहज दिसण्याजोगें आहे.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो उपेक्षणीय नाहीं. नगर जिल्ह्यांतील खेड्यांत पिढ्यान्-पिढ्या बायकांनीं जात्यावर ओव्या गाऊन सासरचें दुःख हलकें केलें, पुरुषांनीं भजनांत रात्र जागवून दुष्काळाचे दिवस काढले. त्यांना कोणाच्या पदवीची गरज भासली नाहीं. मग या नोंदणीनें कलेवर मक्तेदारी येणार नाहीं काय? आक्षेपांतील भीति खरी असली तरी तो दोन निराळ्या गोष्टी एकत्र करतो. ओवी गाणारी बाई आपलें दुःख आपल्याच मर्जीनें आणि आपल्याच बेतानें उघडें करी. जेथें थांबावेंसें वाटे तेथें थांबे. आझादांनींही पत्र केव्हां लिहावें आणि कशावर लिहावें हें स्वतः ठरविलें. या स्वातंत्र्याला कोणत्याही कायद्याचा स्पर्श होत नाहीं, होऊंही नये. परंतु उपचारकापुढें येऊन बसतो तो बहुधा दुर्बळ झालेला असतो: मारहाण सोसलेलें मूल, भ्रमिष्ट झालेली स्त्री, अपघातानंतर मुका झालेला तरुण. त्याच्या मनाचें दार उघडण्याची किल्ली दुसऱ्याच्या हातीं जाते. दार उघडतां येतें, पण मिटतां येत नाहीं, असा मनुष्य त्या ठिकाणीं असेल तर रुग्ण आला होता त्याहून वाईट स्थितींत घरीं जातो. नोंदणीची भिंत आहे ती या रुग्णाच्या रक्षणासाठीं.

दुसरा आक्षेप घरांतून येतो. चित्रकलेंत किंवा संगीतांत पदवी घेतलेल्या मुलानें वा मुलीनें पुन्हा दोन-चार वर्षें मानसशास्त्र शिकावें, रुग्णालयांत बिनपगारी उमेदवारी करावी, हें आईबापांस परवडणारें वाटत नाहीं. ही अडचण खरी आहे आणि ती उपदेशानें सुटणारी नाहीं. ज्या रुग्णालयांना, शाळांना आणि आश्रमांना असे उपचारक हवे आहेत, त्यांनीं उमेदवारीच्या काळांत विद्यावेतन द्यावें आणि जिल्ह्याच्या ठिकाणीं देखरेखीसाठीं जाणता माणूस मिळावा, एवढी तरी सोय व्हावयास हवी. शिक्षणाची सोय मुंबई-पुण्यापुरतीच राहिली तर नगर, बीड, धाराशिव येथील रुग्णांना पात्र माणूस मिळणार नाहीं आणि ती जागा अपात्र माणसें भरून काढतील.

आज अहिल्यानगर हें नांव धारण करणाऱ्या या जिल्ह्यांत गाणारे, रंगविणारे, नाटकें करणारे तरुण थोडे नाहींत. त्यांपैकीं ज्याच्या मनांत या मार्गाला जाण्याचें असेल, त्यानें प्रथम किल्ल्यांतील त्या न धाडलेल्या पत्रांचा विचार करावा. एका थोर लेखकाला ऐकणारा कल्पावा लागला आणि आपल्या प्रतिभेच्या बळावर तो त्यांत निभावला. तें बळ सर्वांच्या ठिकाणीं नसतें. ज्यांच्या ठिकाणीं तें नाहीं, त्यांच्यासमोर प्रत्यक्ष बसणारा, घाई न करणारा, कळल्याचा आव न आणणारा आणि ऐकलेलें जपून ठेवणारा श्रोता तयार व्हावयास दोन हजार तास लागत असतील, तर ते फार झाले असें कोणी म्हणूं नये.